ज्याच्या रानात मेंढरं बसली

विरकर मॅडमच्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही. तोंडावर कुणी नको म्हणालं नाही. सूत्रसंचालकाने माझ्याकडे बघायचं तेवढं टाळलं आणि दोन मिनिटांची शांतता सुरू केली. शहाणा माणूस. मी उठलो असतो तर ती सभा शोकाची राहिली नसती.

त्या शांततेआधी आमच्या शिक्षणसंस्थेचे एक पदाधिकारी बोलले होते. त्यांनी मॅडमना आधी सोज्वळ केलं, मग मितभाषी केलं. ते मी गिळलं, कारण गेलेल्या माणसाला सोज्वळ म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण पुढे ते म्हणाले, ‘परदेशी शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली मॅडमनी आपल्या दुष्काळी भागाचं नाव साता समुद्रापार नेलं.’ हे मात्र घशात अडकलं आणि अजून तिथंच आहे. मार्गदर्शनाखाली? मॅडम कुणाच्या खाली असत्या तर एवढी भांडणं झालीच नसती, आणि भांडणं झाली नसती तर त्या मैत्र्याही झाल्या नसत्या. दूरदेशची माणसं त्यांच्याशी भांडूनच त्यांची झाली होती. सभेत सांगता आलं नाही ते आता कागदावर सांगतो. इथं कुणी शांतता सुरू करू शकत नाही.

डॉ. हौसा विरकर सांगलीला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी इंग्रजी शिकवायचो. त्यांचा अभ्यास शेणकिड्यांचा. शेण आणि लेंड्या खाऊन, पुरून, मातीत मुरवून टाकणारा हा किडा नसता तर पृथ्वीवर पाय टाकायला जागा राहिली नसती, हे त्या पहिल्याच तासाला सांगायच्या. पुढच्या बाकावरच्या पोरींनी नाकाला रुमाल लावला की म्हणायच्या, ‘लावा, लावा. त्यो किडा जगाची घान काढतोय आन् तुमी नाक धरताय.’ वर्गात त्या पुस्तकी मराठीत शिकवायच्या, पण राग आला किंवा जीव लागला की भाषा सरळ माणदेशावर जायची. त्यांना या दोन्ही गोष्टी वरचेवर होत असल्यामुळे पुस्तकी मराठी फारशी टिकायची नाही.

ठेंगणी, काटक बाई. साडी घोट्याच्या वर, पायात गावच्या चांभाराने शिवलेल्या जाड वहाणा, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. स्टाफरूममध्ये कुणी फार मोठ्या गप्पा मारायला लागलं की त्या भिंग डोळ्याला लावून त्याच्याकडे बघायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. आमचे एक प्राचार्य त्या भिंगाला इतके घाबरायचे की मॅडम समोर दिसल्या तर भाषण आवरतं घ्यायचे. रस्त्यात शेण दिसलं की त्या थांबणार, काडीने उकरणार, मग आपण लग्नाला निघालेलो असलो तरी थांबायचं. एकदा मिरज रोडवर त्यांच्यामुळे माझ्या पुतण्याच्या अक्षता हुकल्या. वर मलाच म्हणाल्या, ‘अक्षता काय, पुन्यांदा पडत्यात. असला किडा पुन्यांदा गावत न्हाई.’ पुतण्याचं लग्न पुन्हा व्हावं अशी माझी काही इच्छा नव्हती, पण त्यांना कोण सांगणार?

त्या माण तालुक्यातल्या, म्हसवडच्या बाजूच्या. घर धनगराचं. वडिलांचा, म्हणजे आबांचा, मेंढरांचा कळप होता. आमचं गाव वाळव्याकडे कृष्णाकाठचं, उसाचं. दिवाळी झाली की माणदेशातले कळप आमच्याकडे उतरायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची ही आमच्याकडची जुनी पद्धत. संध्याकाळी धनगर रानात वाघर लावतो, म्हणजे जाळ्याचं कुंपण करतो, आणि कळप रात्रभर त्यात बसतो. सकाळी कळप पुढे जातो, लेंड्या मागे राहतात. रानाला खत मिळतं, धनगराला जोंधळे मिळतात. या व्यवहाराला एकच कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही मी पाहिला नाही. ज्याच्या रानात मेंढरं बसली, लेंड्या त्याच्या. मेंढरं स्वतःची असली तरी धनगर जाताना मूठभर लेंडी उचलून नेत नाही.

मॅडम कॉलेजात रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं.

‘म्हंजे तुमच्या उसात आमचं खत हाय की, पाटील सर. साखर ग्वाड लागती न्हवं?’

ओळख अशी झाली आणि पुढे माझं काम ठरूनच गेलं. मॅडमचं इंग्रजी चांगलं होतं, पण त्यात माणदेशचं ऊन होतं. बाहेरच्या लोकांना लिहायचं असलं की त्या माझ्याकडे यायच्या आणि वर बजावायच्या, ‘व्याकरण बघा. मऊ करू नका.’

‘आभार’ हा शब्द त्या शिवीसारखा वापरायच्या. त्याला कारण होतं. नोकरी लागून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा गावच्या माळावर आबांच्या कळपाच्या लेंड्यांत त्यांना एक किडा सापडला. मसुराच्या डाळीएवढा, काळपट तांबूस. कुठल्याच पुस्तकात बसेना. तेव्हा आपल्याकडे दाखवायला कुणी जाणकार मिळेना, म्हणून त्यांनी डबी भरून किडे युरोपात, चेक देशातल्या एका म्युझियमला पाठवले. तिथे यारोस्लाव नावाचा शेणकिड्यांचा अभ्यासक होता. बराच काळ काहीच कळलं नाही. मग एक दिवस छापलेला लेख आला. किडा नवा होता, जगाला ठाऊक नसलेला. लेख यारोस्लावचा. किड्याला नाव म्युझियमच्या जुन्या साहेबांचं. आणि शेवटी बारीक अक्षरात आभार : स्थानिक मदतनीस मिस विरकर यांचे.

नव्या जातीचं वर्णन ज्या एका किड्यावरून करतात त्याला मूळ नमुना म्हणतात. जगात तो एकच असतो. पुढे कुणालाही शंका आली की त्याच्याकडेच जावं लागतं. तो मूळ नमुना आता म्युझियमच्या खणात गेला होता. माणच्या माळावरचा किडा बघायला माणच्या माणसाने व्हिसा काढायचा.

लेख घेऊन मॅडम माझ्यासमोर बसल्या. ‘पाटील सर, इंग्रजी काडा.’

त्या मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहीत गेलो. तुम्ही माझा किडा घेतला. त्याला तुमच्या साहेबाचं नाव दिलं. मला मदतनीस केलं. मी मदत केली नाही, मी शोधला. किडा परत पाठवा. संपलं. मी पडलो नोकरदार माणूस. सुरुवातीला मी हळूच ‘आय शॅल बी ग्रेटफुल’ घातलं होतं. त्यांनी वाचलं आणि लाल पेनने काट मारली.

‘ह्ये ग्रेटफुल कुनाचं, माजं का तुमचं?’

‘निदान ‘कृपया’ तरी राहू द्या.’

‘कृपा त्येनं करायची का मी?’

पत्र गेलं. स्टाफरूममध्ये एकमताने ठरलं की बाई संपली. मोठ्या लोकांशी वैर घेतलं, आता हिला जगात कुणी दारात उभं करणार नाही. त्या एकमतात मीही होतो.

उत्तर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात यारोस्लावच आला. उंच, हाडकुळा, उन्हाने मान लाल झालेला तरुण माणूस सांगली स्टँडवर उतरला तो तोच लेख हातात घेऊन. म्हणाला, ‘तुमचं म्हणणं खरं आहे. लेखाची दुरुस्ती मी छापून आणली आहे, त्यात तुमचं नाव माझ्या आधी आहे. किड्याचं नाव आता बदलता येत नाही, शास्त्राचा नियम आहे. आणि किडा माझ्या हातात नाही. मूळ नमुना म्युझियमच्या बाहेर जात नाही, हा त्यांचा नियम आहे.’

‘नियम आमच्याकडंबी हाय,’ मॅडम म्हणाल्या, ‘चल, दावते.’ आणि त्याला घेऊन थेट गावी गेल्या. दुभाष्या म्हणून मला बरोबर घेतलं. वास्तविक दुभाष्याची गरज नव्हती, पण त्यांना साक्षीदार हवा असावा.

माळावर वाघरीजवळ आबा बसले होते. डोक्याला तांबडा पटका, मांडीवर आजारी कोकरू. पाहुण्याला आधी बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा दिला. खर्ड्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, पण त्याने भाकरी टाकली नाही, हे आबांनी पाहून ठेवलं. मग मॅडमनी सगळी हकीकत सांगितली. आबांनी कोकराचं तोंड पुसत ऐकली आणि मला म्हणाले, ‘पावन्याला इचारा, मेंढरं कुनाच्या रानात बसली व्हती?’

यारोस्लाव म्हणाला, ‘तुमच्या.’

‘मग लेंड्या कुनाच्या? आन् लेंडीतला किडा कुनाचा?’

यारोस्लावने जरा विचार केला आणि उलट विचारलं, ‘मेंढरं तुमची, कष्ट तुमचे, आणि लेंड्या दुसऱ्याच्या रानात सोडून जाता. मग तुम्हाला काय मिळतं?’

‘जोंधळं,’ आबा म्हणाले. ‘आन् पुढल्या साली बसायचं बोलावनं. त्येच मोठं असतंय, पावनं. लेंड्या उचलून न्हेल्या तर दुसऱ्या साली कोन बोलवंल?’

हे इंग्रजीत करताना माझी त्रेधा उडाली, पण यारोस्लावला ते कळलं. त्याने हातातला लेख घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, ‘मी परत आणून देईन.’

‘कवा?’

‘ते माहीत नाही.’

‘खोटं बोलत न्हाई,’ आबा लेकीला म्हणाले. ‘ठिऊन घे ह्येला.’

मॅडमनी त्याला ठेवून घेतलं, पण साहेबासारखा. ‘तो साहेब’ म्हणायच्या. त्याचा यारोस्लाव व्हायला कोयनानगर लागलं. पाटणच्या वरच्या पठारांवर आणि कोयनेच्या खोऱ्यात म्हशींच्या शेणातले किडे गोळा करायला ही मंडळी गेली होती, तेव्हा नदीकाठच्या एका विश्रामगृहात उतरली होती. पहाटे धरणी हलली. कोयनेला हे नवं नाही. खानसाम्याने चहाचं पातेलं नुसतं हाताने धरून ठेवलं. मॅडम बाहेर आल्या तर यारोस्लाव पावसात उघडाबंब, कमरेला टॉवेल, आणि किड्यांची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

‘पासपोर्ट?’ मॅडमनी विचारलं.

‘आत राहिला.’

‘पैसे, कॅमेरा?’

‘आत.’

मॅडमनी त्याला भिंगातून बघितल्यासारखं निरखलं आणि म्हणाल्या, ‘टॉवेल नीट बांद रं, यारोस्लाव.’ त्या दिवसापासून ‘तो साहेब’ गेला. ही गोष्ट यारोस्लावनेच मला सांगितली, आणि सांगताना तो ‘रं’चा उच्चार अगदी बरोबर करायचा.

आबांचा कायदा मॅडमनी पुढे सगळ्या जगाला लावला. त्यांचं काम छापून यायला लागलं तसे परदेशातून लोक विचारायला लागले : आम्हाला किडे पाठवाल का? त्या सगळ्यांना जाणारं उत्तर मी इतक्यांदा लिहिलं की ते मला पाठ आहे. किडे पाठवत नाही. तुम्ही या. आमच्यात राहा, भाकरी खा, मेंढरांमागे चाला. सापडेल त्यावर दोघांचं नाव. किडे इथंच राहतील. नंतर सरकारनेही तसाच कायदा केला. मॅडमना त्याचं काही कौतुक नव्हतं. सरकारला उशिरा सुचलं, एवढंच म्हणाल्या. बरेच लोक भाकरीचं नाव काढताच गप्प झाले. एका बड्या प्राध्यापकाने मोठ्या मनाने लिहिलं की मॅडमची इच्छा असेल तर ते त्यांना प्रशिक्षण द्यायला तयार आहेत. मॅडमनी उत्तर द्यायला लावलं : ‘जरूर या. तुम्हाला शिकवायला वेळ काढीन.’ तेही मी मऊ केलं नाही. एव्हाना मलाही त्यात गोडी वाटायला लागली होती.

जे आले ते मात्र घरचे झाले. केनियातून नासिएकू आली. तीही शेणकिड्यांवरच काम करणारी, आणि तीही गुराख्यांच्या घरची. साडेपाच फूट उंचीची, खणखणीत हसणारी बाई. पहिल्याच दिवशी आबांच्या वाघरीत शिरली, एक शेळी पायात धरली आणि बघता बघता तांब्या भरला. आबांनी तांब्यात डोकावून पाहिलं. मला म्हणाले, ‘आमच्या हौशीपरीस हिचा हात चांगला हाय.’ मॅडमना आयुष्यात कुणाचा हेवा वाटलेला मी पाहिला असेल तर तो त्या तांब्याचा.

त्या दोघींचे फोन स्टाफरूममध्ये स्पीकरवर चालायचे. आधी पाऊस, मग शेळ्या, मग आयांची दुखणी, आणि शेवटी कामाचं. सांगलीत बसून आम्हाला केनियातल्या चाऱ्याचे भाव कळायचे. दोन देशांतल्या चराऊ माळांवरचे शेणकिडे यावर त्या दोघींनी मिळून जे लिहिलं ते पुढे खूप नावाजलं गेलं. छापण्याआधी एका परीक्षकाने विचारलं होतं की या कामाचं नेतृत्व नक्की कुणाचं? दोघींनी फोनवर हसून हसून उत्तर ठरवलं आणि मला लिहायला लावलं : ‘मेंढरांचं. आम्ही मागून चालत होतो.’

कायदा स्वतःलाही लावायचा, हे मला खास वाटायचं. नासिएकूच्या रानात मॅडम राहून आल्या, नवे किडे बघून आल्या, आल्या त्या रिकाम्या हाताने. नासिएकूने स्वतः डबी भरून दिली होती. यांनी तिथंच ठेवली. मी म्हटलं, ‘अहो, मैत्रिणीने प्रेमाने दिलेलं.’ तर म्हणाल्या, ‘तिच्या रानात बसले व्हते मी. जोंधळं मिळालं की.’

पण यारोस्लावच्या म्युझियममधला तो मसुराएवढा किडा त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. परिषदेच्या निमित्ताने त्या त्या देशात गेल्या, तेव्हा यारोस्लावने त्यांना म्युझियम दाखवलं. संगमरवरी जिना, उंच खिडक्या, भिंतभर खण. त्याने खण ओढला, पेटी समोर ठेवली आणि काही काम आठवल्यासारखं करून बाहेर निघून गेला. मॅडम आणि किडा दोघंच खोलीत. मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून तो नीट बघितला. सहाही पाय शाबूत, मिशा शाबूत. आबांच्या माळावरून निघाला होता तसाच. मग त्यांनी खण लावून टाकला.

परत आल्यावर मी विचारलं, ‘तो मुद्दाम बाहेर गेला होता, हे तुम्हाला कळलं नाही?’

‘कळलं की.’

‘मग पदराला बांधून आणायचात. एवढासा तर किडा.’

‘चोरी कराय वस्तू दुसऱ्याची लागती, सर. आपल्याच वस्तूची चोरी कशापायी करायची? दारातनं आला तसा दारातनं जाईल. उजळ माथ्यानं.’

म्युझियमशी पत्रापत्री चालूच होती. आतून यारोस्लाव भांडायचा, बाहेरून मॅडम. म्युझियमचं म्हणणं असं की मूळ नमुना ही साऱ्या जगाची ठेव, ती जपायला सोय लागते, तुमच्याकडे दमट हवा आणि मुंग्या, शिवाय तुमच्या शहरात पूर येतो. हे शेवटचं खरं होतं. सांगलीच्या माणसाला नदी कुठवर आली हे विचारावं लागत नाही, भिंतीवरच्या ओलीवरून कळतं.

मग एका पावसाळ्यात कृष्णा खरोखरच शहरात शिरली. मॅडमचं घर सखल भागात, तळमजल्याला. पाणी वाढतंय म्हटल्यावर सगळं शहर आपापली भांडी माळ्यावर चढवत होतं आणि ही बाई कॉलेजात. शिपायांना, पोरांना, मला, सगळ्यांना जुंपून किड्यांची एकेक पेटी प्रयोगशाळेतून वरच्या मजल्यावर नेली. शेवटची पेटी वर गेली तेव्हा पाणी पटांगणात आलं होतं आणि मॅडमच्या घरात छताला लागलं होतं. कपडे, भांडी, पुस्तकं, आबांचा एकुलता एक फोटो, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर मी त्यांच्याबरोबर ते घर बघायला गेलो. दारात गुडघाभर गाळ. त्यांनी आत डोकावून पाहिलं. आबांचा फोटो ज्या खिळ्याला होता, त्या खिळ्याकडे बघत होत्या. मला रडू आलं. मग यारोस्लावचा फोन आला. तो पलीकडून रडतच होता.

‘रडू नगंस,’ त्या म्हणाल्या. ‘माजं घर बुडलं, किडा एक भिजला न्हाई. सांग तुज्या म्युझियमला.’

यारोस्लावने सांगितलं. गाळाने भरलेल्या घराचा आणि कोरड्या पेट्यांचा असे दोन फोटो घेऊन तो त्यांच्या बैठकीत उभा राहिला. बैठकीने पुढची तारीख दिली. तो निवृत्त झाला तरी त्याने भांडण सोडलं नाही. मॅडमकडून लागलेला रोग, जातो कशाचा. शेवटी त्याचीच एक विद्यार्थिनी तिथे प्रमुख झाली आणि दार उघडलं.

तोवर मॅडम मिरजेला दवाखान्यात होत्या. छातीचं दुखणं, बरं होणारं नव्हतं, आणि हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. यारोस्लावला मी मिरज स्टेशनवर उतरवून घेतलं. केस पांढरे, हातात काठी, आणि शर्टाच्या खिशात एक डबी. रिक्षात तो त्या खिशावर हात ठेवून बसला होता. मला सारखं विचारत होता, ‘वेळेत आलोय ना?’

खोलीत मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. ‘आलास व्हय,’ म्हणाल्या. त्याने डबी उघडून त्यांच्यासमोर धरली आणि वाटेत माझ्याकडून घोकून घेतलेला मराठी शब्द म्हटला, ‘आणला.’

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. एवढ्या वर्षांचं भांडण, रडल्या असत्या तरी चाललं असतं. पण बाई हसत होत्या. हसता हसता खोकल्या, खोकून परत हसल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं.

‘पाय मोजा, सर.’

मी मोजले. पाच होते. टाचणीला टोचलेल्या किड्याचा मागचा एक पाय मुळापासून मोडला होता.

‘माज्या डोळ्यानं सहा बघून आल्ते मी. चराय धाडलेलं मेंढरू लंगडं करून दिलं ह्येनी. आन् म्हनं, आमाला जपाय जमायचं न्हाई.’

मी ते यारोस्लावला सांगितलं. त्याची मान परत तरुणपणीसारखी लाल झाली. ‘माझ्या हातून नाही, हौसा.’

‘तुज्या न्हाई रं. ठावं हाय मला.’

त्याने डबी बंद केली आणि त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटवली. ‘ठेव. तुझा आहे.’

मॅडमनी बोटं उघडली. डबी त्याच्याकडे परत सरकवली. ‘मला कशाला देतोस? माजा हाय व्हय त्यो? रानाचा हाय. कॉलेजात घिऊन जा. आबाच्या माळाचा कप्पा हाय, तितं ठेव. पाचाला शिपाई कुलूप घालतोय.’

ज्या किड्यासाठी बाई आयुष्यभर भांडली तो तिने उशाशी एक रात्रसुद्धा ठेवून घेतला नाही. मी काही बोलायला गेलो तर माझ्यावरच आल्या. ‘पाटील सर, म्युझियमला पोच लिवा.’

मी मोबाइलवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. जित्याची खोड, सुरुवात मी ‘वुइ आर ग्रेटफुल’ अशीच केली होती.

‘काडा ते.’

काढलं.

‘लिवा : किडा मिळाला. एक पाय मोडून मिळाला.’ श्वास घ्यायला थांबल्या. आता पुढे काही भयंकर येणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण म्हणाल्या, ‘आन् लिवा : पुढल्या पावसाळ्यात या. बोलावनं द्याय पायजे. लेंड्या परत दिल्या त्येनी.’

पोच गेली, जशी सांगितली तशी. मी एक शब्द मऊ केलेला नाही. किडा आबांच्या माळाच्या कप्प्यात आहे, पाच पायांचा, आणि खालच्या चिठ्ठीवर सहावा कुठे मोडला तेही लिहिलेलं आहे. म्युझियमच्या नव्या प्रमुख बाई या पावसाळ्यात येतायत, नासिएकूही येते आहे. पदाधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, म्हणजे हार आणि भाषण तयार करायला नकोत : त्या मार्गदर्शन करायला येत नाहीत. भाकरी खायला आणि मेंढरांमागे चालायला येतायत.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना यारोस्लाव दारात थांबला. आपण हिला परत बघणार नाही हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. दोघं म्हातारे चौकटीत अडकून उभे राहिलो. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. ‘हला की आता, कुलूप पडंल,’ म्हणाल्या आणि सलाइनचा हात तसाच वर करून, मेंढरं वाघरीबाहेर काढतात तसं, आम्हाला दोघांना दारातून हाकललं.